आधी मुद्दल, वर पाचवा हिस्सा, मग मेंढा

शेजारी परगावी जाताना विश्वासाने दागिन्यांचा डबा ठेवायला देतो. परत येऊन मागतो, तर हा माणूस कानांवर हात ठेवतो. वर देवाची शपथ घेऊन सांगतो की डबा दिलाच नव्हता. साक्षीदार कोणी नाही, त्यामुळे प्रकरण मिटतं. काही महिन्यांनी मात्र त्याचं त्यालाच मन खाऊ लागतं. आता त्याने काय करायचं?

बायबलमधल्या लेवीय पुस्तकात, सहाव्या अध्यायाच्या पहिल्या सात वचनांत नेमक्या अशाच प्रकरणांची यादी आहे: गिळलेली ठेव, लुबाडलेली वस्तू, सापडलेली पण ‘नाही सापडली’ म्हणून दडपलेली चीज. या सगळ्याला तिथे शेजाऱ्याची फसवणूक तर म्हटलंच आहे, पण त्याआधी परमेश्वराचा विश्वासघात म्हटलं आहे. आणि उपाय असा: घेतलेलं सगळं परत करायचं. त्यावर पाचवा हिस्सा घालायचा. हे ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, आणि दोषार्पण करण्याच्या दिवशीच द्यायचं. मग कळपातला एक निर्दोष मेंढा याजकाकडे, म्हणजे वेदीवर सेवा करणाऱ्या पुजाऱ्याकडे, न्यायचा. याजक त्याच्यासाठी प्रायश्चित्त करतो आणि त्याला क्षमा होते. गणना पुस्तकाचा पाचवा अध्याय यात आणखी एक पायरी घालतो: आधी तोंडाने कबुली.

दहा शेकेल (त्या काळचं चांदीचं वजन) गिळले असतील तर बारा परत. (पाचवा हिस्सा मुद्दलीचा की वाढवलेल्या एकूण रकमेचा, यावरही पुढे रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, वाद घातला. एकूण रकमेचा धरला तर दहाला साडेबारा होतात. हिशेबाच्या बाबतीत ती मंडळी पक्की होती.)

ख्रिस्ती विश्वासातलं यज्ञ, समर्पण आणि पापक्षमा हे त्रिकूट समजून घ्यायचं, तर एकदम येशूच्या वधस्तंभापाशी (क्रूसापाशी) जाण्याऐवजी या मेंढ्यापासून सुरुवात केलेली बरी. कारण बहुतेक गैरसमज इथेच सुटतात. मेंढा शेजाऱ्याच्या पैशांची जागा घेत नाही. शेजाऱ्याचे पैसे परत केले म्हणून मेंढा माफ होत नाही. तुटलेली नाती दोन आहेत आणि दोन्हीकडे जावं लागतं.

नवस नव्हे, लाचही नव्हे

आपल्या भाषेतले शब्द इथे मदत करतात आणि घोटाळाही करतात. ‘यज्ञ’ म्हटलं की अग्नी, आहुती आणि तिच्या बदल्यात मिळणारं फळ डोळ्यांपुढे येतं. ‘प्रायश्चित्त’ म्हटलं की चुकलेल्या माणसाने स्वतः करायचं काहीतरी: उपास, दंड, तीर्थाची वारी. मराठी बायबलने हेच शब्द घेतले, दुसरे होते कुठे? पण लेवीय पुस्तकात प्रायश्चित्त पापी माणूस करत नाही, त्याच्यासाठी याजक करतो. आणि त्याची सगळी व्यवस्था देवाने स्वतः आखून दिली आहे. सतराव्या अध्यायातलं वाक्य तर स्पष्टच आहे: प्राण रक्तात असतो, आणि ते वेदीवर प्रायश्चित्तासाठी ‘मी तुम्हाला दिलं आहे’. देणारा आधी देव आहे. माणूस त्याच्याकडून मिळालेलंच परत त्याच्यापुढे ठेवतो.

देवाला त्याची भूक असते का? स्तोत्र ५० मध्ये देव जवळजवळ चिडून विचारतो: मला भूक लागली तर तुला कशाला सांगेन? मी काय बैलांचं मांस खातो?

नवसाला मात्र या व्यवस्थेत जागा आहे, फक्त ती वेगळ्या खणात. लेवीय पुस्तकाचे पहिले सात अध्याय पाच प्रकारची अर्पणं सांगतात. होमार्पणात (जुन्या प्रतींत ‘होमबली’) जनावर पूर्ण जळतं; फक्त कातडं याजकाला मिळतं. अन्नार्पण म्हणजे सपीठ, तेल आणि धूप. त्यात खमीर आणि मध चालत नाही, मीठ मात्र हवंच. शांत्यर्पण ही खरी मेजवानी: चरबी वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकाला, बाकीचं मांस घरच्यांनी बसून खायचं. फेडलेला नवस या खणात येतो. उपकारस्तुतीचं मांस त्याच दिवशी संपवायचं, नवसाचं दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतं, तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळायचं. म्हणजे साठवून ठेवायची सोय नाही. शेजारपाजार बोलावल्याशिवाय एक बैल दोन दिवसांत संपायचा कसा? उरलेली दोन म्हणजे पापार्पण आणि दोषार्पण. पापाचा संबंध प्रामुख्याने या दोन खणांशी. त्यातलं दोषार्पण आपण पाहिलंच.

पापार्पणात माणसाच्या पदाप्रमाणे जनावर बदलतं. मुख्य याजक चुकला तर गोऱ्हा. सगळी मंडळी चुकली तरी गोऱ्हाच. म्हणजे एका याजकाची चूक अख्ख्या समाजाच्या चुकीइतकी जड धरली आहे. अधिकारी चुकला तर बकरा. साधा माणूस चुकला तर बकरी किंवा मेंढी. तेवढी ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, साधारण दोन लिटर मापाचं, त्यात तेल नाही, धूप नाही.

या शेवटच्या ओळीपाशी थोडं थांबायला हवं. इथे जनावर नाही, थेंबभर रक्त नाही, तरी वचनाचा शेवट तोच: ‘त्याला क्षमा होईल.’ नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातलं ‘रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही’ हे वाक्य व्यासपीठावरून ठणकावून सांगितलं जातं, पण त्याच वचनाच्या सुरुवातीला ‘बहुतेक’ असा शब्द आहे आणि तो गाळला जातो. पत्रलेखकाला लेवीय पुस्तक पाठ होतं. गरिबाचं पीठ त्याला माहीत होतं.

आणखी एक बारकावा. पापार्पणाचं रक्त पापी माणसावर शिंपडत नाहीत. ते वेदीच्या शिंगांना बोटाने लावतात आणि उरलेलं पायथ्याशी ओततात. जेकब मिलग्रम या ज्यू अभ्यासकाने यावरून मांडलं की पापाचा डाग माणसाबरोबरच देवाच्या घरालाही लागतो, आणि रक्ताने पुसलं जातं ते हे घर. सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. पण एवढं खरं की पाप ही केवळ मनातली खासगी गोष्ट आहे, ती ‘मी आणि माझा देव’ एवढ्यापुरती मिटते, ही कल्पना या पुस्तकात कुठेच बसत नाही. घरातल्या एकाने केलेली घाण सगळ्यांच्या पायाला लागते.

ज्याला मेंढाच नाही

या व्यवस्थेची एक मर्यादा तिने स्वतःच लिहून ठेवली आहे. पापार्पण हे मुख्यतः नकळत, चुकून घडलेल्या पापासाठी. गणना १५ म्हणतं की जो ‘हात उंचावून’, म्हणजे उद्दामपणे, ठरवून पाप करतो, त्याला अर्पणाचा मार्ग नाही.

दावीद राजा याच कोपऱ्यात सापडला. बथशेबाशी व्यभिचार, मग तिच्या नवऱ्याला, उरियाला, लढाईच्या तोंडी देऊन मारणं, दोन्ही ठरवून. परत काय करणार? मेलेला उरिया पाचव्या हिश्शासकट परत देता येत नाही. त्याच्या नावे असलेलं ५१वं स्तोत्र म्हणून वेगळं वाचावं लागतं. ‘तुला यज्ञ आवडला असता तर मी केला असता’ असं तो म्हणतो आणि पुढे म्हणतो की देवाचा यज्ञ म्हणजे मोडलेलं मन. हे अनेकदा कवीची सुंदर कल्पना म्हणून उद्धृत होतं. मुळात ती कोंडी आहे. नियमात त्याच्यासाठी जनावरच नाही, म्हणून तो नियमाच्या वरच्या दयेकडे हात पसरतो.

उलट टोकाला इस्राएलाचा पहिला राजा शौल. लूट नष्ट करण्याची आज्ञा असताना त्याने धष्टपुष्ट मेंढरं राखून ठेवली आणि शमुवेल संदेष्टा आल्यावर सांगितलं, ‘मी आज्ञा पाळली.’ शमुवेल विचारतो: मग हे मेंढरांचं बेंबें काय ऐकू येतंय? शौलाचं उत्तर तयार होतं: देवाला अर्पण करायलाच तर ठेवली आहेत. त्यावर आलेलं वाक्य पुढच्या अनेक संदेष्ट्यांनी आपापल्या शब्दांत पुन्हा म्हटलं: आज्ञा पाळणं यज्ञाहून बरं. आमोस, होशेय, यशया, मीखा यज्ञ बंद करा असं म्हणत नाहीत. खोटी मापं वापरणाऱ्या हातांनी आणलेला यज्ञ नको, असं म्हणतात.

बळीचा बकरा आणि दुसरा बकरा

मराठीत निरपराध माणसाच्या डोक्यावर खापर फुटलं की आपण म्हणतो, ‘त्याला बळीचा बकरा केलं.’ ज्या विधीशी ही कल्पना आज जोडली जाते, तो लेवीय १६ मध्ये आहे, आणि तिथे बळी जाणारा बकरा वेगळा आणि पापं वाहणारा वेगळा.

सातव्या महिन्याची दहावी तारीख, प्रायश्चित्ताचा दिवस. मुख्य याजक एरवीचा भरजरी पोशाख काढून साधी तागाची वस्त्रं घालतो. आधी स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापासाठी गोऱ्हा. मग निखाऱ्यांचं धुपाटणं आणि दोन्ही ओंजळी भरून बारीक कुटलेला धूप घेऊन तो पडद्याआड जातो, कारण धुराने दयासन झाकलं गेलं नाही तर तो मरेल असं स्पष्ट लिहिलं आहे. दयासन म्हणजे कराराच्या कोशावरचं, दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरचं, सोन्याचं झाकण: अडीच हात लांब, दीड हात रुंद, आजच्या मापात सुमारे ११२ बाय ६८ सेंटिमीटर. त्यावर बोटाने एकदा आणि त्याच्यापुढे सात वेळा रक्त शिंपडायचं. आधी गोऱ्ह्याचं, मग बकऱ्याचं.

बकरे दोन. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी, एक ‘अजाजेल’साठी. पहिला मारला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक दोन्ही हात ठेवतो (व्यक्तीच्या अर्पणात एकच हात असतो, हा फरक मुद्दाम आहे), लोकांचे सगळे अपराध बोलून दाखवतो आणि एका नेमलेल्या माणसाबरोबर त्याला रानात सोडतो. तो माणूस परत येताना कपडे धुऊन, अंघोळ करूनच छावणीत येतो. एक बकरा मंदिर पुसतो, दुसरा कचरा गावाबाहेर नेतो. क्षमेच्या या दोन बाजू आहेत: डाग जाणं आणि ओझं दूर जाणं. अजाजेल हे जागेचं नाव, रानातल्या भुताचं, की ‘निघून जाणारा बकरा’ एवढाच अर्थ, यावर अजून एकमत नाही.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि हे अर्पण थांबलं. दिवस मात्र राहिला. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना तेलाच्या घाण्यामुळे आणि शनिवार पाळण्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांनीही तो शतकानुशतके पाळला. त्यांचं त्या दिवसाचं नाव ‘दरफाळणीचा सण’, दारं लावून घेण्याचा सण. पांढरे कपडे, कडक उपास, दार बंद. आणि ज्यूंच्या मिश्ना या जुन्या संग्रहात या दिवसाबद्दल नोंदवलेला नियम असा: माणूस आणि देव यांच्यातल्या पापांचं प्रायश्चित्त हा दिवस करतो, माणूस आणि त्याचा शेजारी यांच्यातल्या पापांचं करत नाही, शेजाऱ्याची समजूत काढेपर्यंत. पुन्हा तोच पाचवा हिस्सा.

येशूच्या मरणाला यज्ञ म्हणायचं म्हणजे काय

प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येशूसाठी एक ग्रीक शब्द वापरला आहे, ‘हिलास्टेरिऑन’. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द त्या सोन्याच्या झाकणासाठी, दयासनासाठी येतो. वर्षातून एका दिवशी, एकाच माणसाला, धुराच्या आडून जिथे जाता येत होतं, ती जागा आता उघड्यावर, वेशीबाहेरच्या वधस्तंभावर आहे, असं त्याचं म्हणणं.

इब्री लोकांस पत्र हे सगळं सविस्तर उलगडतं, आणि त्याचा युक्तिवाद फार बारीक आहे. दरवर्षी तोच विधी करावा लागतो यातच तो पुरा पडत नाही हे दिसतं. बैल-बकऱ्यांचं रक्त पाप काढू शकत नाही. याजक रोज उभा राहून सेवा करतो. ख्रिस्त एकदाच अर्पण करून बसला. ‘उभा’ आणि ‘बसला’ हा शब्दांचा खेळ वाटेल, पण निवासमंडपातलं, म्हणजे मंदिराआधीच्या उपासनेच्या तंबूतलं, सामान मोजून पाहा: वेदी, गंगाळ, भाकरींचं मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, कोश. याजकाला बसायला जागा कुठेच नाही. काम संपतच नाही, तर आसन कशाला?

यातली कळीची जागा मात्र रक्तापेक्षा वेगळी आहे. दहाव्या अध्यायात लेखक ४०वं स्तोत्र येशूच्या तोंडी घालतो: तुला यज्ञ नको होता, पाहा, तुझी इच्छा पूर्ण करायला मी आलो आहे. जनावर स्वेच्छेने येत नाही. त्याला दोरीने ओढून आणतात. इथे पहिल्यांदाच अर्पण करणारा आणि अर्पण एकच आहे, आणि तो राजी आहे. यज्ञ आणि समर्पण हे दोन विषय इथे एक होतात.

बाप रागावलेला, त्याने निष्पाप मुलाला मारून राग शांत केला, असं चित्र कधीकधी रंगवलं जातं. ते चुकीचं आहे, आणि ज्या सिद्धांताच्या नावाने रंगवतात त्यालाही मान्य नाही. पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये राहून जगाचा आपल्याशी समेट करत होता. भार उचलणारा देव स्वतः आहे.

क्रूसावर नेमकं काय घडलं याची उपपत्ती मात्र कोणत्याही सार्वत्रिक धर्ममतांगीकाराने, म्हणजे चर्चने ठरवलेल्या विश्वासाच्या सूत्राने, बांधून दिलेली नाही. ‘आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ एवढंच निकेयाचा मतांगीकार म्हणतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अँसेल्मने देवाच्या मानाची भरपाई अशी मांडणी केली, पुढच्या पिढीत अबेलार्डने प्रेमाचा दाखला, सोळाव्या शतकात कायदा शिकलेल्या कॅल्व्हिनने दुसऱ्याने सोसलेली शिक्षा. १९३०च्या सुमारास स्वीडनच्या गुस्ताफ औलेनने सैतान आणि मरण यांच्यावरचा विजय हीच सगळ्यांत जुनी मांडणी असल्याचं लिहिलं. यातलं एकच धरून बाकीच्यांना पाखंडी ठरवणाऱ्यांपासून चार हात दूर राहावं.

गेथशेमाने: शरण जाणं म्हणजे गप्प बसणं नव्हे

जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी, किद्रोन ओढ्यापलीकडे गेथशेमाने. नावाचा अर्थ तेलाचा घाणा. अटक होण्याआधी येशूने तिथे केलेली प्रार्थना मार्क १४ मध्ये चार तुकड्यांत आहे आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी हाक, ‘अब्बा’, म्हणजे बापा. मग विश्वास, तुला सगळं शक्य आहे. मग उघड मागणी, हा प्याला माझ्यापासून दूर कर. आणि शेवटी, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे. एकदा म्हणून झालं नाही. तीनदा जावं लागलं. मग शिष्यांना: ‘उठा, आपण जाऊ.’

तिसरा तुकडा गाळला की समर्पणाचं ‘नशिबात होतं ते झालं’ होतं. आजारी माणसाला ‘देवाची इच्छा मान’ म्हणणारे नातेवाईक बहुधा हाच तुकडा गाळतात. येशूने आधी नको म्हटलं, आणि तसं म्हणणं पाप ठरलं नाही. चौथा गाळला की ती नुसती मागण्यांची यादी उरते.

दुसरी गफलत जास्त घातक. समर्पण स्वतःचं करायचं असतं, दुसऱ्याचं नाही. मुलांना अग्नीत देणाऱ्या मोलखाच्या पूजेला लेवीय पुस्तकाने देहदंड सांगितला आहे. मार खाणाऱ्या बाईला ‘सोस, हाच तुझा क्रूस’ सांगणं म्हणजे दुसऱ्याला वेदीवर चढवणं. त्याला ख्रिस्ती समर्पण म्हणता येत नाही. पौल रोमकरांस १२ मध्ये ‘आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा’ असं म्हणतो, तिथे शब्द ‘आपली’ आहे.

बोजा कोण उतरवतो

प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ मराठी बायबलने मत्तयाच्या मूळ शब्दाला धरून ठेवली आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ ग्रीकमध्ये क्षमेसाठीचं क्रियापद म्हणजे सोडून देणं, आणि कर्ज माफ करण्यालाही तेच. कलस्सैकरांस पत्र तर म्हणतं की आपल्याविरुद्धचा हाताने लिहिलेला ऋणलेख देवाने पुसून खिळ्यांनी वधस्तंभाला ठोकला. ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढला आहे त्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. कर्ज फिटलं तरी बोजा उतरल्याची नोंद होईपर्यंत जीव टांगणीला असतो.

माफी दिली म्हणजे नुकसान झालंच नाही असं होत नाही. कोणीतरी ते सोसतं. सावकाराने कर्ज सोडलं तर ते त्याच्या खिशातून जातं. क्षमेला यज्ञाची भाषा का लागते, याचं सरळ उत्तर हेच.

मत्तय १८ मधल्या दाखल्यातले आकडे म्हणून मांडून पाहावेत. पहिल्या चाकरावर दहा हजार तालांतांचं कर्ज. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार आणि दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी; आज रोजंदारी पाचशे रुपये धरली तर तीन हजार कोटी रुपये. येशूच्या काळातला तिथला शासक हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया या प्रांतांतून मिळून वर्षाला दोनशे तालांत मिळत, असं पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस लिहितो. म्हणजे हे पन्नास वर्षांचं राज्याचं उत्पन्न. ते माफ झालं. बाहेर पडताच त्याने दुसऱ्या चाकराचा गळा धरला, शंभर दीनारांसाठी, म्हणजे पन्नास हजार रुपयांसाठी. प्रमाण सहा लाखांस एक. पण पन्नास हजार ही मजुराला छोटी रक्कम नव्हे, हेही या दाखल्यात आहे. आपल्याला खरंच दुखावलेलं असतं. दाखला ते खोटं ठरवत नाही, फक्त शेजारी दुसरा आकडा लिहितो.

प्रत्यक्षात काय करतात

कॅथलिक चर्चमध्ये याला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात. बोलताना पापनिवेदन, गोव्यात कुमसार. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून किमान एकदा ते बंधनकारक झालं. आधी मनाची झडती, मग खरा पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. मग धर्मगुरूपुढे कबुली, गंभीर पापांच्या बाबतीत काय आणि साधारण किती वेळा हेही. गंभीर ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर, ते कळत असणं आणि मनापासून संमती. धर्मगुरू काही प्रार्थना किंवा कृती सांगतात, पश्चात्तापाची प्रार्थना होते आणि ते पापमोचन उच्चारतात. ऐकलेलं ते कोणालाही, न्यायालयालाही, सांगू शकत नाहीत.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुधा उपासनेत सामूहिक पापकबुली होते, प्रभुभोजनाआधी स्वतःची तपासणी, आणि आधार १ योहान १:९ चा: पापं पदरी घेतली तर तो क्षमा करतो. मध्यस्थ याजक नाही, कारण मुख्य याजक एकच, असा त्यांचा आग्रह.

दोन्हीकडे बिघडतं ते साधारण सारखंच. ‘मी फार पापी आहे’ ही कबुली नव्हे. लेवीय ५:५ म्हणतं, ज्या गोष्टीत चुकला ती गोष्ट सांगावी. ‘कोणाला वाईट वाटलं असेल तर माफ करा’ यातला ‘तर’ सगळं पुसून टाकतो. सांगितलेल्या पाच प्रार्थना म्हणजे दंडाची पावती, असं धरलं की पुढच्या शनिवारी तोच हिशेब. उलट काही जण एकदा कबूल केलेलं पाप दहादा कबूल करत राहतात. तिथे देवाच्या शब्दापेक्षा स्वतःच्या भीतीवर जास्त विश्वास असतो, आणि जाणते धर्मगुरू त्यांना तेच पाप पुन्हा सांगायला मनाई करतात.

सगळ्यांत जास्त गळते ती भरपाई. चोरलेले पैसे परत करण्याची जबाबदारी पापमोचनाने संपत नाही. अब्रू जाण्याची भीती असेल तर निनावी परत करता येतात, धर्मगुरूंमार्फतही. मालक मेला असेल तर वारसांना. वारसही नसेल तर गणना ५:८ म्हणतं, परमेश्वराला, म्हणजे याजकाच्या हाती. आज चर्च सांगतं, गरिबांना. जक्कय हा जकातदार येशूला घरी नेल्यावर चौपट परत देतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना. पाचव्या हिश्शापुरता तो थांबला असता तरी नियम पुरा झाला असता. चौपट हा निर्गम २२ मध्ये मेंढरू चोरून विकणाऱ्याचा दर होता. त्याने स्वतःला कोणत्या यादीत धरलं, ते यावरून दिसतं.

आणि ज्याचं नुकसान झालं त्याने? लूक १७:३ मध्ये क्रम आहे: भावाला त्याचा दोष दाखव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. मनातला सूड सोडून देणं हे एकट्याने करता येतं. नातं पूर्ववत होण्यासाठी दोघे लागतात आणि दुसरा खरोखर बदललेला लागतो. क्षमा केली म्हणून मारहाण करणाऱ्याच्या घरी परत जावं लागत नाही, पोलिसांतली तक्रारही मागे घ्यावी लागत नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू एक प्रसंग उभा करतो. माणूस आपलं अर्पण घेऊन वेदीपाशी पोहोचला आहे आणि तिथे त्याला आठवतं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ऐकणारे गालीलचे होते. वेदी यरुशलेममध्ये, गावाहून पायी तीन-चार दिवस. भाऊ बहुधा गावीच. म्हणजे बकरीची दोरी कोणाच्या तरी हातात देऊन सव्वाशे किलोमीटर मागे जायचं, बोलायचं, आणि तेवढंच अंतर पुन्हा चालून यायचं.